नालकुंतलाच्या आत आणि बाहेर

उज्जैनच्या हिंदी माध्यमाच्या शाळांत तिला ‘परिनालिका’ म्हणतात. महाराष्ट्राच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात तिचे नाव ‘नालकुंतल’ आहे. दुरुस्तीच्या दुकानापासून संशोधन केंद्रापर्यंत बाकी सगळीकडे ती ‘सोलेनॉइड’ किंवा नुसती ‘कॉइल’ असते. माळव्यातल्या मराठी घरांतली मुले हे तिन्ही शब्द ऐकत मोठी होतात. मला स्वतःला ‘नालकुंतल’ फार आवडतो. कुंतल म्हणजे केसांची बट. नळीभोवती गुंडाळलेली तांब्याची बट डोळ्यांसमोर आणणारा इतका नेमका शब्द पारिभाषिक मराठीत क्वचितच सापडतो.

नाव कोणतेही घेतले तरी प्रश्न एकच आहे. या बटेतून वीज वाहू लागली की आत, टोकाशी आणि बाहेर चुंबकीय क्षेत्र किती असते आणि ते काढायचे कसे? दोनशे वर्षे या प्रश्नावर काम चालू आहे. त्यातले काय सुटले, कशावर मतभेद आहेत आणि काय अजून हाती आलेले नाही, याचा हा आढावा.

सुरुवात

१८२० च्या जुलैमध्ये कोपनहेगनच्या ऑर्स्टेडने जाहीर केले की वीज वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई वळते. बातमी पॅरिसला पोचली आणि काही आठवड्यांतच अँपिअरने तारांमधल्या बलांचे प्रयोग सुरू केले. त्याच शरद ऋतूत बिओ आणि सावार यांनी तारेपासूनच्या अंतराप्रमाणे क्षेत्र कसे कमी होते ते मोजले. पुढे अँपिअरने वेटोळ्यांच्या नळीला ग्रीक ‘सोलेन’ म्हणजे नळी या शब्दावरून ‘सोलेनॉइड’ हे नाव दिले. ही नळी बाहेरून पाहिली तर पट्टीचुंबकासारखी वागते, हे त्याला दिसले होते. हे निरीक्षण लक्षात ठेवावे, कारण बाहेरच्या क्षेत्राचे जवळजवळ सगळे गणित त्याच्यावर उभे आहे.

नंतरच्या शतकात गणिताची गरज बदलत गेली. मॅक्सवेलने १८७३ च्या ग्रंथात एका वर्तुळाकार वेढ्याचे क्षेत्र एलिप्टिक इंटिग्रलच्या रूपात मांडले. लोरेंझने १८७९ मध्ये एकपदरी कॉइलच्या प्रेरकत्वाचे सूत्र दिले. तारायंत्र आणि बिनतारी संदेशाच्या काळात अभियंत्यांना क्षेत्रापेक्षा प्रेरकत्वाची जास्त निकड होती, म्हणून टोकियोच्या नागाओकाने १९०९ मध्ये आपला प्रसिद्ध गुणांक तक्त्यांसह छापला. १९२८ मध्ये व्हीलरने ते सगळे एका ओळीच्या अंदाजी सूत्रात बसवले आणि १९४६ मध्ये ग्रोव्हरने या विषयाचा कोशच लिहिला. क्षेत्राच्या बाजूने कॅलहन आणि मॅस्लेन यांचा १९६० चा नासाचा अहवाल आणि गॅरेटचा १९६३ चा निबंध आजही आधाराला घेतले जातात.

वर्गातले सूत्र

बारावीत शिकवतात ते सूत्र अँपिअरच्या नियमातून दोन ओळींत निघते: दर मीटरला असलेले वेढे, गुणिले धारा, गुणिले निर्वाताची पारगम्यता. त्यात नळीची त्रिज्या नाही आणि आतली जागाही नाही. अक्षावर असा की भिंतीला चिकटून असा, क्षेत्र तेवढेच. बाहेर शून्य.

अनंत लांबीच्या, एकमेकांना लागून बसवलेल्या नुसत्या वर्तुळांच्या नळीसाठी यातले प्रत्येक वाक्य खरे आहे. मुख्य अडचण ‘अनंत’ या शब्दाची आहे.

शाळेत सहज करता येईल अशी नळी घेऊ. लांबी २० सेंटिमीटर, व्यास ४ सेंटिमीटर, ४०० वेढे, धारा १ अँपिअर. वर्गातले सूत्र २.५१ मिलिटेस्ला उत्तर देते. आता लांबी मर्यादित धरून अक्षावरचे अचूक सूत्र लावू. ते सोपे आहे आणि मला तरी वर्गातल्या सूत्राहून देखणे वाटते. अक्षावरच्या बिंदूपासून दोन्ही टोकांच्या कडांकडे रेघा ओढायच्या, त्या अक्षाशी करतात त्या कोनांच्या कोसाइनची बेरीज घ्यायची, निम्मी करायची आणि वर्गातल्या उत्तराला तिने गुणायचे. मध्यभागी २.४६ मिलिटेस्ला येते, म्हणजे फक्त दोन टक्क्यांची घट. टोकाशी १.२५, म्हणजे जवळजवळ निम्मे. तेही स्वाभाविक आहे, कारण टोकावर उभ्या माणसाला अर्धीच नळी दिसते.

प्रेरकत्व काढायला गेलो तर मात्र नागाओकाचा गुणांक याच नळीसाठी ०.९२ आहे, म्हणजे घट आठ टक्क्यांची. मध्यभागी दोन टक्के आणि एकूण आठ, हा फरक पुष्कळांना गोंधळात पाडतो. कारण सरळ आहे. प्रेरकत्वात टोकाकडच्या वेढ्यांचा वाटा धरला जातो आणि तिथे क्षेत्र ढासळलेले असते. लांबी आणि व्यास सारखे असले तर मध्यभागी सुमारे ७१ टक्के आणि प्रेरकत्वात ६९ टक्केच उरतात. तेव्हा ‘सूत्रात किती चूक आहे’ असे विचारताना ‘कुठे आणि कशासाठी’ हेही विचारावे लागते.

अक्ष सोडला की

अक्षावर सममिती मदतीला येते. अक्षापासून थोडे सरकले की ती साथ सुटते आणि साध्या बीजगणिताने उत्तर निघत नाही. तिथे एलिप्टिक इंटिग्रल लागतात. कॉइलला पातळ विद्युत पत्रा मानले तर आतल्या-बाहेरच्या कोणत्याही बिंदूचे क्षेत्र या इंटिग्रलांच्या तीन प्रकारांत बंदिस्त रूपात लिहिता येते. डर्बी आणि ओल्बर्ट यांनी २०१० मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्समध्ये हे सूत्र इतक्या सुटसुटीत रूपात मांडले की विद्यार्थी ते दहा-पंधरा ओळींच्या प्रोग्रॅममध्ये बसवू शकतो. ही इंटिग्रले संगणकावर काढण्याची गाउसच्या अंकगणिती-भूमितीय मध्याची युक्ती दोनशे वर्षांची आहे आणि चार-पाच फेऱ्यांत दहा-बारा अंकांपर्यंत बरोबर उत्तर देते.

म्हणून एक गोष्ट ठामपणे सांगता येते. आदर्श, पातळ, गोल, हवेतल्या कॉइलचा प्रश्न पूर्ण सुटलेला आहे. मतभेद सुरू होतात ते खरी कॉइल आदर्श नसते म्हणून.

तीन मार्ग आणि त्यांचे समर्थक

पहिला मार्ग या बंदिस्त सूत्रांचा. समर्थक म्हणतात की सूत्रात लांबी, त्रिज्या आणि धारा उघड दिसतात. त्यातली एक बदलली तर उत्तर कोणत्या दिशेने सरकेल हे कळते, आणि संगणकाने दिलेले उत्तर तपासायला पक्का दगड मिळतो. विरोधी बाजूही खरी आहे. जाड, अनेक पदरांची, सांध्यांची कॉइल आली की सूत्रे लांबत जातात, आणि शेजारी लोखंड आले की ती थांबतातच.

दुसरा मार्ग मालिकेचा. मध्यबिंदूभोवतीचे क्षेत्र अंतराच्या वाढत्या घातांच्या पदांत मांडायचे आणि नको असलेली पदे कॉइलची रचना बदलून एकेक करून शून्य करायची. एमआरआयच्या चुंबकाची आखणी याच विचाराने होते. रुग्णाच्या शरीराएवढ्या गोलात क्षेत्र काही दशलक्षांश भागांपेक्षा जास्त बदलू नये अशी तिथे अट असते. ती एका लांब नळीने साधायची तर यंत्र अतिशय लांब करावे लागेल, म्हणून वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या वेढ्यांच्या कॉइल ठेवतात. मुंबईच्या समीर संस्थेच्या पुढाकाराने चाललेल्या देशी एमआरआय प्रकल्पात दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्राने दीड टेस्लाच्या चुंबकाचे काम घेतले, त्यामागचे गणितही हेच. मालिकेची मर्यादा अशी की ती मध्याभोवतीच चालते. तारेजवळ किंवा यंत्राबाहेर ती अपसारी होते.

तिसरा मार्ग संगणकाचा. त्यातही दोन घराणी आहेत. एक तारेचे बारीक तुकडे करून प्रत्येकाला बिओ-सावारचा नियम लावते आणि बेरीज करते. दुसरे सगळ्या जागेचे लहान घटकांत तुकडे पाडते आणि प्रत्येक ठिकाणी मॅक्सवेलची समीकरणे सोडवते. पहिल्याला लोखंड झेपत नाही. दुसऱ्याला झेपते, पण जागा कुठेतरी तोडावी लागते. कॉइलभोवती काल्पनिक पेटी आखून तिच्या भिंतीवर क्षेत्र शून्य धरायचे आणि पुढे हिशोब करायचा. पेटी लहान पडली तर आतले उत्तर फारसे बिघडत नाही, बाहेरचे बिघडते. माझ्या मते नवशिक्यांच्या बहुतेक चुका इथेच होतात. रंगीत चित्र सुंदर दिसते, आणि बाहेरच्या निळ्या पट्ट्यातला आकडा मात्र पेटीच्या भिंतीने ठरवलेला असतो.

कामाच्या जागी हे मार्ग एकमेकांचे वैरी नसतात. सूत्राने पहिला अंदाज घ्यायचा, मालिकेने रचना सुधारायची, संगणकाने लोखंडासह हिशोब करायचा आणि शेवटी मोजायचे. उज्जैनपासून पंचावन्न-साठ किलोमीटरवर इंदूरला असलेल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राने जिनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरसाठी शेकड्यांनी अतिसंवाहक सुधारक चुंबक घडवण्याची जबाबदारी पेलली. ते सोलेनॉइड नव्हेत, बहुध्रुवी चुंबक आहेत. पण आखणी, हिशोब आणि मोजमाप ही साखळी तिथेही तशीच होती.

बाहेर

आता सगळ्यात जास्त गैरसमज असलेल्या भागाकडे येऊ. बाहेर क्षेत्र शून्य असते का?

एक बाजू म्हणते, शिकवताना शून्य सांगावे. अँपिअरचा नियम समजायचा तर आदर्श रूप हवे, आणि लांब नळीच्या बाहेरचे क्षेत्र आतल्याच्या तुलनेत नगण्य असते. ही बाजू चूक नाही. दुसरी बाजू म्हणते की आतल्या बलरेषा कुठेतरी परतल्याच पाहिजेत. त्या बाहेरूनच परततात, फक्त विस्तीर्ण जागेत पसरतात म्हणून विरळ होतात. विरळ म्हणजे शून्य असे सांगितले तर विद्यार्थी बलरेषा बंद असतात हा अधिक मूलभूत नियम विसरतो. फार्ले आणि प्राइस यांनी २००१ मध्ये लांब सोलेनॉइडच्या अगदी बाहेरचे क्षेत्र किती या एकाच प्रश्नावर स्वतंत्र लेख लिहिला, यावरून अध्यापकांना हा मुद्दा किती बोचतो ते दिसते.

आकडा काढून पाहू. अँपिअरने पाहिलेला पट्टीचुंबक इथे उपयोगी पडतो. नळीच्या एका टोकाला उत्तर ध्रुव आणि दुसऱ्या टोकाला दक्षिण ध्रुव आहे असे मानले की बाहेरचे क्षेत्र चांगल्या अंदाजाने निघते. आपल्या २० सेंटिमीटरच्या नळीच्या मध्याशी, अक्षापासून ४ सेंटिमीटरवर, म्हणजे भिंतीपासून दोन बोटे बाहेर, सुमारे ४० मायक्रोटेस्ला येते. आतल्या क्षेत्राच्या साठाव्या हिश्श्याहूनही कमी, तेव्हा नगण्य म्हणणाऱ्यांचे बरोबर आहे. पण मध्य भारतात पृथ्वीच्या क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक ३५ ते ४० मायक्रोटेस्ला असतो. म्हणजे या ‘शून्य’ जागेत ठेवलेल्या होकायंत्रावर पृथ्वीइतकाच जोर नळीचाही असतो आणि सुई ठळकपणे वळते. तेव्हा दुसऱ्या बाजूचेही बरोबर आहे. नळी बरीच लांब असली तर, दर मीटरचे वेढे आणि जाडी तीच ठेवून लांबी दुप्पट केल्यावर हे क्षेत्र सुमारे चौथाई होते. अनंताकडे जाताना ते शून्य होते ते असे.

आणखी एक बारकावा पुस्तकांत सहसा येत नाही. तार नळीभोवती नुसत्या वर्तुळांत फिरत नाही, ती मळसूत्रासारखी पुढेही सरकते. म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण १ अँपिअर धारा अक्षाच्या दिशेनेही जाते आणि नळीभोवती सरळ तारेसारखे क्षेत्र तयार करते. आपल्या बिंदूवर ते ५ मायक्रोटेस्ला आहे. नळी अनंत लांब केली तरी हे क्षेत्र जात नाही. दुसरा पदर उलट्या दिशेने परत आणून गुंडाळला तर ते जवळजवळ नाहीसे होते. जुने कारागीर पदर सम संख्येत ठेवत, त्याचा एक फायदा हाही आहे.

इतक्या लहान आकड्यांना कोण विचारतो, असे वाटेल. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेने विचारले होते. तिथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार हे ठरल्यावर त्यांच्या धारांची क्षेत्रे नोंदी बिघडवतील हे ओळखून संचालक नानाभाई मूस यांच्या काळात काम अलिबागला हलवले गेले. १९०४ ते १९०६ दोन्ही जागी समांतर नोंदी ठेवून मालिका जोडून घेतली आणि १९०७ मध्ये ट्राम धावू लागल्या. तिथे नालकुंतल नव्हते, पण बाहेर सांडलेल्या दुबळ्या क्षेत्राचा हिशोब आधीच करावा लागतो, याचे आपल्याकडचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. आज एमआरआयच्या खोलीभोवती अर्ध्या मिलिटेस्लाची, म्हणजे पाच गॉसची रेषा आखतात. पेसमेकर असलेल्या माणसाने तिच्या आत जाऊ नये असा तिचा अर्थ.

मुंबईची पाटी, जिनिव्हाचे नालकुंतल

वरचे सगळे मुद्दे एकाच यंत्रात पाहायचे असतील तर ‘कॉम्पॅक्ट म्यूऑन सोलेनॉइड’ पाहावे. लार्ज हॅड्रॉन कोलायडरवरच्या या शोधयंत्राच्या नावातच सोलेनॉइड आहे. कॉइलची लांबी १२.५ मीटर, आतला मोकळा व्यास ६ मीटर, वेढे २१६८, धारा सुमारे १८,१६० अँपिअर. वर्गातल्या सूत्रात हे आकडे घाला, ३.९६ टेस्ला येते. मर्यादित लांबीची दुरुस्ती करा, साडेतीनच्या आसपास येते. प्रत्यक्षात चालते क्षेत्र ३.८ टेस्ला आहे. मधली तूट भोवतालचे हजारो टनांचे लोखंडी जू भरून काढते. बलरेषांना परतीची सोपी वाट ते देते, आणि कॉइल जणू लांब होते. पहिले सूत्र सत्याच्या जवळ आले ते दोन चुका एकमेकींना छेदल्यामुळे. उत्तर जवळ आले म्हणून सूत्र योग्य होते असे समजू नये, हे इथून शिकावे.

या यंत्रात कॉइलच्या लगेच बाहेर, लोखंडी जुवाच्या आतल्या भागात, कण आरपार गेला की चमकणाऱ्या प्लास्टिकच्या पाट्यांचा एक थर आहे. त्याच्या उभारणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा आणि चंदीगडच्या पंजाब विद्यापीठाचा मोठा वाटा होता. पाट्यांचा प्रकाश टिपणारी उपकरणे जशी कॉइलच्या आत होती तशीच बाहेरही बसवली होती. आतल्या जोरदार पण एकसारख्या क्षेत्रात त्यांनी काम केले. बाहेरच्या दुबळ्या, तिरप्या, जागोजागी बदलणाऱ्या क्षेत्रात मात्र त्यांच्यात विद्युत विसर्ग होऊ लागले. शेवटी २०१३ ते २०१५ च्या मोठ्या विरामात त्या जागी क्षेत्राची पर्वा न करणारे सिलिकॉनचे प्रकाशटिपे बसवावे लागले.

हिशोबाच्या अचूकतेतही हाच भेद दिसतो. आतले क्षेत्र २००६ मध्ये फिरत्या मापकाने मोजले तेव्हा प्रतिकृतीशी ते हजारातल्या एका भागापेक्षाही जवळ जुळले. लोखंडी जुवात मापक फिरवता येत नाही. तिथे आकाशातून येणाऱ्या म्यूऑन कणांच्या वाटा किती वळतात त्यावरून नकाशा तपासला आणि काही टक्क्यांच्या दुरुस्त्या कराव्या लागल्या.

काय उरले आहे

पहिला उरलेला प्रश्न नव्या तारांचा. उच्च तापमानाच्या अतिसंवाहकाची तार पातळ फितीच्या रूपात येते. तिच्या रुंदीत स्वतःच्या आवरणधारा निर्माण होतात आणि त्या आपले क्षेत्र जोडतात. आता धारा कोणत्या वाटेने वाहते हेच आधी नक्की माहीत नसते. ती कॉइलच्या इतिहासावर अवलंबून असते आणि तासन् तास हळूहळू सरकते. २०१९ मध्ये अशा फितीच्या लहान कॉइलने बाहेरच्या चुंबकाच्या मदतीने ४५.५ टेस्लापर्यंत मजल मारली. पण आवरणधारांचा आधीच अचूक अंदाज बांधणे अजून साधलेले नाही.

दुसरा प्रश्न लोखंडाचा आहे. दोन टेस्लाच्या आसपास ते संपृक्त होते, आधीच्या चुंबकनाची आठवण ठेवते आणि त्याच्या तुकड्यांमधल्या फटी आराखड्याप्रमाणे नसतात. संगणक कितीही वेगवान झाला तरी ही माहिती मोजूनच मिळते.

तिसरा प्रश्न वेगळ्याच जातीचा आहे. १९५९ मध्ये अहारोनॉव्ह आणि बोम यांनी दाखवले की नालकुंतलाच्या बाहेरून, जिथे क्षेत्र शून्य आहे तिथून, गेलेल्या इलेक्ट्रॉनवरही आतल्या क्षेत्राचा परिणाम होतो. तशी सूचना एहरेनबर्ग आणि सिडे यांनी १९४९ मध्येच केली होती. १९६० मध्ये चेंबर्सने प्रयोग केला, त्यावर आक्षेप आला तो आपल्या ओळखीचाच: खऱ्या चुंबकाच्या बाहेर क्षेत्र शून्य नसते, गळती असते. ती वाट बंद करायला टोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये चुंबकाची टोके एकमेकांना जोडून कडे केले आणि ते अतिसंवाहक नायोबियमने मढवले. परिणाम तरीही दिसला. तो खरा आहे याबद्दल आता वाद नाही. अर्थाबद्दल आहे. एक गट म्हणतो की बाहेर पसरलेले सदिश विभव हेच मूळ वास्तव. वाइडमन यांनी २०१२ मध्ये मांडले की इलेक्ट्रॉनचे क्षेत्र नालकुंतलातल्या धारांवर करते तो परिणाम धरला तर विभवाशिवायही खुलासा होतो. अहारोनॉव्ह आणि सहकाऱ्यांनी त्याला उत्तर दिले. हा प्रश्न मिटलेला नाही.

माळव्यात किंवा महाराष्ट्रात, परिनालिका म्हणून किंवा नालकुंतल म्हणून हा पाठ शिकवणाऱ्यांना एक विनंती आहे. सूत्र फळ्यावर लिहून झाले की नळी टेबलावर पूर्व-पश्चिम ठेवा, मधोमध भिंतीपासून दोन बोटांवर होकायंत्र ठेवा, धारा एकदा चालू आणि एकदा बंद करा, आणि सुई किती अंश वळली ते मुलांना वहीत लिहायला सांगा.